वाटीपुरती जागा

वसमत, मंगळवार, दिवेलागण

कुंपण वाचलं एकदाचं. मग जीव काहून असा खट्टू?

शेजारच्या लताबाई अंगणात बाग करून राहिल्यात. चार दिवसांपासून मजूर आमच्या तारेच्या कुंपणालगत काळ्या मातीची भर टाकत होते. तिच्या भारानं खांब आमच्याकडं कलले. आज सकाळी मी तणतणत बाहेर गेले अन् तोंडाला येईल ते बोलले. लताबाई एवढंच म्हणाल्या, "तकलीफ झाली असंल तर माती मागं घेते, ताई." पण मला कुठं दम! दुपारीच गवंडी बोलावून आमच्या बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत शहाबादी फरश्या उभ्या करून घेतल्या.

हात धुताना गवंडी म्हणाला, "त्यांनी मधी हातभर जागा मोकळीच ठेवली होती. मजुराला विचारलं, तर म्हणला, ताईंची वाटी तिथून येती, तिथं माती टाकू नका, असं बाईनं बजावलंय."

तिथं तार फाकलेली आहे. आम्हा दोघींच्या हातांनीच फाकली असंल, इतक्या वर्षांत वाट्या देता-घेता. मला खांब दिसले, ती जागा न्हाई दिसली.

त्यांची वाटी अजून माझ्याकडंच आहे. शनिवारी अंबाडीची भाजी आली होती. वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून आता गूळ घातला. फाटकातून वळसा घालून जावं, माफी मागावी, असं ठरवून उठलेसुद्धा.

पाय सवयीनं फरशीपाशीच गेले.