मथुराआत्याला तिच्याच हातचा हार

सदाशिव पेठ, पुणे
२१ एप्रिल २००४

ती. स्व. मथुराआत्यास,

फुलं विकणाऱ्या बाईला फुलं कशासाठी पाठवायची? रविवारी बजरंगदादांच्या दुकानातून फोन करून तू मला हे विचारलंस. आज बुधवार आहे आणि अजूनही मला त्याचं उत्तर देता येत नाही. पदवी मिळालेल्या माणसाला सगळं येतं असा आपल्या घरात समज आहे. तो मीच पसरवला होता, म्हणून आधी ही कबुली देते आणि मग तुझ्या पाया पडते. गुडघे कसे आहेत? डोक्यावर ओला रुमाल ठेवतेस ना? देवळाच्या पायरीवरची सावली अकराला संपते, हे मला इथे बसूनही आठवतं. मी बरी आहे. घरमालकीण पद्मजाकाकूही बऱ्या आहेत आणि त्या तशा असल्या की इतरांना जपून राहावं लागतं. (बजरंगदादा, पत्र आत्याला सावकाश वाचून दाखवा. गिऱ्हाईक आलं तर आधी ते करा. कंसात जे आहे ते फक्त तुमच्यासाठी आहे, ते मोठ्याने वाचू नका.)

सगळं सुरुवातीपासून सांगते. फेब्रुवारीत मी सावरखेडला आले तेव्हा सुईत दोरा ओवायला तू शेजारच्या सुशीलाबाईंना हाक मारलीस. यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजवा आता थांबण्यासारखा नाही, असं सांगून वर्ष झालं होतं, हेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, पुण्याला चल. तू म्हणालीस, बोटांना दिसतं तेवढं पुरे. एकतीस वर्षांत महादेवाचा सकाळचा हार एक दिवस चुकला नाही, तो आता डोळ्यांपायी चुकवायचा नाही. "तू पुण्यात माह्या डोळ्याकडे पाहशीन, देवाकडे कोण पाहीन?" यावर मी बरंच बोलले. आरोग्य, स्त्रिया, स्वतःचा हक्क, सगळं बोलले. तू तेवढ्या वेळात दोन हार पुरे केलेस.

पुण्यात परत आल्यावर मला वाटलं, माझं चुकलं ते शब्दांत. जिने जन्मभर दुसऱ्यांसाठी फुलं ओवली, तिला स्वतःला कोणी कधी एक फूल दिलं नाही. (लग्नातलं सोडून, बजरंगदादा. आणि त्या लग्नाबद्दल बोलायला नको.) तुझा वाढदिवस कुणाला माहीत नाही, म्हणून मीच सतरा एप्रिल ठरवला आणि येरवड्याच्या आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवरून तुला गुलाबांचा गुच्छ पाठवला. चोवीस लाल गुलाब, चकचकीत कागद, रिबीन आणि सोबत एक कापसाचं अस्वल, जे फुकट होतं. चिठ्ठीवर मला लिहायचं होतं, 'आत्या, पुण्याला ये, डोळे दाखवू.' पण तिथे तयार मजकुरातूनच एक निवडायचा होता. 'लग्नाच्या शुभेच्छा', 'मुलगा झाल्याबद्दल अभिनंदन' वगैरे सोडून मी 'लवकर बरे व्हा' निवडलं. त्या दिवशी घरी येऊन मी पद्मजाकाकूंना सांगितलं की आता जगात लांब असं काही राहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग दळण घेऊन ये, गिरणी जवळच आहे."

पुढे जे झालं ते मी सोमवारी चार फोन करून शोधून काढलं आहे. गुच्छ पाठवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसने माझं काम नागपूरच्या ऑफिसला दिलं. नागपूरने यवतमाळच्या फुलवाल्याला दिलं. यवतमाळचा फुलवाला म्हणाला, सावरखेडला गुलाब पोचेपर्यंत त्यांचा गुलकंद होईल, तिथेच कोणाकडून तरी मोठा हार करून घेऊ. सावरखेडमध्ये फुलांचं काम करणारं माणूस एकच. यवतमाळच्या फुलवाल्याने शुक्रवारी संध्याकाळी बजरंगदादांच्या दुकानात फोन करून तुलाच निरोप दिला की एक आजारी बाई आहे, तिच्यासाठी उत्तम हार करून ठेवा, पत्ता उद्या सकाळी सांगतो. (अस्वल कुठे आहे हे कुणीच सांगू शकलं नाही. तुमच्याकडे आलं तर ठेवून घ्या.)

आत्या, यात कुणाचीही चूक सापडत नाही, म्हणूनच मला जास्त राग येतो. आमच्या कंपनीतही असंच चालतं. अमेरिकेतला माणूस काम सांगतो, तो दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला आणि ते करतो आम्ही. हे मी पद्मजाकाकूंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे अमेरिकेची कामं पुण्यात करता आणि सावरखेडची कामं सावरखेडलाच सांगता. उत्तम. यासाठी शिकावं लागतं?"

पण मला खरं लिहायचं आहे ते तुझ्याबद्दल. बजरंगदादांनी मला सगळं सांगितलं. कुठली कोण आजारी बाई, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तरी तू म्हणालीस की पडून असलेल्या माणसाला वास बरा वाटतो आणि नुसत्या झेंडूचा न करता हारात मोगराही घातलास. मोगरा एप्रिलच्या उन्हात टिकत नाही म्हणून पहाटे उठून ओवलास आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सात वाजता दुकानावर येऊन बसलीस. आठ वाजता यवतमाळहून पत्ता आला. मथुराबाई, महादेवाच्या देवळामागे, पाठवणारी भाग्यश्री, पुणे. तू म्हणालीस, "तिथं तं माहंच घर हाय." दुसरी कोणी असती तर तिथेच हसली असती, नाहीतर हार विकून मोकळी झाली असती. तू उठलीस आणि हार घेऊन घरी गेलीस, कारण हार पोचवायचं ठरलं होतं. बजरंगदादांना दुकान बंद करून सोबत यायला लावलंस. दाराशी त्यांच्या हातात हार दिलास, कुलूप काढलंस, आत गेलीस, मग उंबऱ्याशी येऊन त्यांच्याकडून तो घेतलास. पोचवणारं आणि घेणारं माणूस एकच असलं तर त्याला पोच म्हणत नाहीत, असं तू त्यांना सांगितलंस. आमच्या कंपनीत हे समजवायला दोन दिवसांचं शिबिर घेतात आणि शेवटी जेवण देतात.

आणि मग तू जे केलंस त्यासाठी मी तुला इथून नमस्कार करते. हार आला म्हटल्यावर तू तो गिऱ्हाइकासारखा पाहिलास. खाटेवर पसरलास आणि एकेका कळीवरून बोट फिरवत गेलीस, कारण आजवर तू हार केले होतेस, तुला कधी आला नव्हता. सुशीलाबाईंनाही शेजारी बसवलंस. तीन कळ्या उलट्या ओवलेल्या निघाल्या आणि एक झेंडू किडका. मी चुका काढायचं काम करते (हो, बजरंगदादा, याचाच पगार मिळतो. आत्या म्हणाली होती की असं असेल तर आमच्या आजीला बंगला मिळायला हवा होता) आणि दिवसभर पाहते, चूक दाखवली की माणसं आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मी स्वतःही दाखवते. तू रविवारी फोनवर फुलं पाठवल्याबद्दल रागावलीस, कोणी सांगितलं, काहून सांगितलं, सगळं विचारलंस आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालीस, "हार बराबर नव्हता, भाग्यश्री. असा हार देवाले गेला असन तं कितीक दिवस गेला असन?" यवतमाळच्या डॉक्टरांना, बाबांना आणि मला वर्षभरात जे पटवता आलं नाही, ते तू स्वतःच स्वतःला पटवलंस, आणि तेही मी सांगितलेल्या कामातून, जे मी सांगितलं तसं झालंच नाही.

घाबरू नको. देव तीन कळ्यांवरून रागवत असेल असं मला वाटत नाही. पण तुला ते सहन होणार नाही, हे मला माहीत आहे.

तुझी,
भाग्यश्री

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांची तीन मेची वेळ घेतली आहे. आधी उजवा. तुझं आणि बाबांचं एक तारखेच्या गाडीचं तिकीट सोबत आहे. उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत असं तू म्हणशील, म्हणून मी तेही विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आता बारा महिने करतात, आमच्याकडे पंखा आहे. थेंब घालायचं काम पद्मजाकाकूंनी मागून घेतलं आहे. त्यांचे दोन्ही डोळे झालेले आहेत. त्या टोमणे मारतील, पण घड्याळ लावून थेंब घालतील. तू वऱ्हाडीत उत्तर दे, त्यांना सवय नाही.

ता. क. दुसरा. (बजरंगदादा, आता कंस नाही. हे मोठ्याने वाचा आणि आत्या उठून चालली असेल तर तिला बसवा.) तू पुण्यात असशील तेव्हा मी पुण्यात नसेन. ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर बसून डॉक्टरांना काही मदत होणार नाही, तिथे बाबा आहेत. सोमवारपासून रोज सकाळी मंडईतून फुलं आणून मी हार ओवते आहे. पहिला हार पाहून काकू म्हणाल्या, "देव दयाळू असतो म्हणतात. बघू." आजच्या हाराला त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे जमायला लागलं आहे. साहेबांकडे तीन आठवड्यांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं, 'गावी देवाचे हार करणे'. त्यांनी दोनदा वाचलं आणि काल सही केली. माझं तिकीट आज सकाळी काढलं. तीस तारखेला पोचते, म्हणजे एक दिवस तू शेजारी बसून शिकवू शकशील. आणि तू नाही म्हणायच्या आत, पुजारी सोनबाकाकांना मी दुपारीच फोन करून सांगून टाकलं आहे की दोन मेपासून महादेवाचा हार भाग्यश्री देईल.