संघातल्या कच्च्या जागा

आस्पेन क्रॉसिंग, सस्कॅचवान
१९ मार्च

प्रिय व्हर्नदादा,

तुम्ही सगळे बरे असाल. डॉना वहिनीच्या पाठीला आराम पडला का? इकडे अजून गुडघाभर बर्फ आहे, पण आमचा आइस हॉकीचा मोसम संपला. संपवणारे तुमचे लार्च हिलवालेच, तेव्हा तुला वेगळं काय सांगू! तुझा ब्लेक छान खेळला. त्याच्या पहिल्या गोलला या आत्याचे हात टाळ्यांसाठी उठलेसुद्धा होते, पण आमच्या लोकांनी असं बघितलं की मुकाट खाली घेतले.

संघाची व्यवस्थापक मी, त्यामुळे का हरलो हे कमिटीला मलाच सांगायचं होतं. काल बैठक झाली. बचावफळीतला मेलनिक वळायला लागला की ट्रॅक्टर वळवल्यासारखं वाटतं. दुसरी फळी गोल मारायचा सोडून एकमेकांना आग्रह करत बसते, तू मार, नाही तूच मार. हे सगळं मी बोलले. तर अध्यक्ष हर्ब म्हणाला, "लोरेन, मेलनिकचं राहू दे. तुझ्या पोराचं बोल. आमच्या गोलला दारच नव्हतं!" पुढच्या मोसमाला कर्टिसला काढून नवा गोलरक्षक आणायचं घाटतंय.

मी गप्प बसले. मी, दादा! तुला तरी खरं वाटेल का?

कर्टिसचा उजवा खुबा फेब्रुवारीपासून दुखत होता. प्लेऑफमध्ये, मोसमाअखेरच्या निर्णायक सामन्यांत, आपलं दुखणं कुणाला सांगायचं नसतं, समोरच्याला कळलं तर तो तिथेच मारतो, हे त्याला लहानपणी तूच शिकवलंस. म्हणून प्रशिक्षकालाही न सांगता आम्ही तुला बोलावलं, खेळातली दुखणी तुला कळतात म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात तू त्याचा पाय हातात घेऊन वाकवून पाहिलास. "उजव्या पायाने रेटा देऊन डावीकडे सरकणं जमणार नाही याला. पण बाहेर कळलं नाही तर निभेल. मोसम संपला की ऑपरेशन करून घ्या," म्हणालास. मग सारण भरलेले पेरोगी पोटभर खाल्लेस आणि गेलास.

तुमच्याविरुद्धच्या मालिकेतले पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. तिसऱ्यापासून तुमची पोरं सरळ मारेनातच. चकती कर्टिसच्या उजवीकडे आणायची, त्याला तिकडे खेचायचं आणि झटकन डावीकडे द्यायची. दर वेळी तेच. तो बिचारा नुसता आडवा पडत राहिला.

शेवटी दोन्ही संघ रांगेने हात मिळवत होते, तेव्हा ब्लेकने त्याचा हात सोडलाच नाही. जिंकूनसुद्धा रडत होता पोरगा. "खुब्याचं ऑपरेशन लवकर करून घे रे," म्हणाला.

गाडीत कर्टिस मला म्हणाला, "आई, तूच मामीजवळ बोललीस ना?"

"मामालाही ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मामाचं नाव घेऊ नकोस! जीव गेला तरी मामा असं करणार नाही."

तेव्हापासून तो जेवताना ताटातून मान वर करत नाही. तूच सांगितलंस का, हे विचारायला मी फोन केला, तेव्हा तू निदान नाही तरी म्हणायचं होतंस. "ब्लेकचा हा शेवटचाच मोसम होता, लोरेन," एवढंच म्हणालास. मग माझ्या पोराला काय चार खुबे आहेत? पोरासाठी जीव तुटतो, ते मला कळतं, माझाही तुटतो. पण मी तुला घरात घेतलं ते भाऊ म्हणून. तू आमचा घात केलास, दादा. आणि तो करताना माझ्या हातचं जेवलास.

कर्टिस कमिटीपुढे तोंड उघडणार नाही. हरल्यावर दुखणं सांगणं म्हणजे सबब सांगणं, हीही तुझीच शिकवण. ऑपरेशनला सोबत कोण हवं म्हणून काल मी त्याला त्याच्या खोलीच्या दाराबाहेरून विचारलं. आतून म्हणाला, "मामा."

रविवारी दुपारी पुन्हा बैठक आहे. ये, आणि हर्बसमोर, कर्टिससमोर सगळं तुझ्या तोंडाने सांग. मी सांगितलं असतं, पण त्याचा माझ्यावर विश्वास नाही. तुझ्यावर आहे.

कर्टिसची आई,
लोरेन