साक्षीदारास आरोपीकडे पेटी घेऊन जाण्याची परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
ध्वनिमुद्रण नक्कल प्रतिबंधक शाखा,
जुनी जकात इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : साक्षीदार क्रमांक एक, मयत गायिकेची धाकटी बहीण. व्यवसाय : गाण्यांना चाली लावणे (मध्यंतरी बंद).

विषय : हमीपत्रावर सही होण्याआधी आरोपी शिलाई कामगार बाईची एकदा भेट घेऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज. २) तो परत करणारे आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

मागील अर्ज 'मी', 'मला', 'माझी ताई' अशा शब्दांनी भरलेला असल्यामुळे तो अर्ज नसून पत्र आहे, असा शेरा मारून आपल्या कार्यालयाने तो परत केला. म्हणून या खेपेस अर्जदार स्वतःला अर्जदार म्हणूनच लिहीत आहे. सवय नाही. कुठे घसरल्यास सांभाळून घ्यावे.

अर्जदार आणि तिची थोरली बहीण यांनी मिळून गाणी केली. चाल धाकटीची, गळा थोरलीचा. धाकटीचा स्वतःचा गळा असा की, ती चाल गाऊन दाखवू लागली की थोरली हसून हसून लोळायची आणि म्हणायची, "पेटीवर दाखव गं बाई, तोंडाने नको." थोरलीचं एक फुप्फुस लहानपणापासून अधू होतं. लांब ओळ तिला एका दमात जात नसे. मग ती शब्दाच्या मधेच, कळेल न कळेल असा, एक बारीक श्वास घ्यायची. स्टुडिओतल्या माणसांनी तो श्वास कापून पाहिला. कापला की गाणं मेल्यासारखं वाटायचं, म्हणून त्यांनी नाद सोडला. पुढे पुढे धाकटी चाल बांधतानाच त्या श्वासाला जागा ठेवू लागली.

कंपनीने गाणी घेतली, एकरकमी पैसे दिले आणि कागदांवर दोघींच्या सह्या घेतल्या. त्या पैशातून स्वयंपाकघरावरचं गळकं छप्पर बदललं आणि थोरलीच्या औषधांचा काही काळ निभाव लागला. नंतर गाणी दुकानांत, ट्रकमध्ये, पानाच्या टपऱ्यांवर वाजत राहिली, बहुतेक चोरून भरलेल्या मेमरी कार्डांवरून. त्याने धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा भाजीच्या गाड्यावर आपलं गाणं ऐकून ती भांडायला निघाली, तर थोरलीने तिची बाही धरून ठेवली. "अगं, बघ तरी. मटार तोलता तोलता मान हलवतोय तो. कंपनीच्या साहेबाने कधी हलवली?" धाकटी म्हणाली, "मान हलवून औषधं येत नाहीत, ताई." दोघींचंही खरं होतं. तो वाद मिटण्याआधीच थोरली गेली.

ती गेली तेव्हा एक गाणं अर्धं होतं. मुखडा, म्हणजे सुरुवातीच्या ओळी, झाला होता : 'दिवा नको लावू अजून, उजेड थोडा आहे.' पुढचा अंतरा धाकटीला सुचत नव्हता आणि थोरलीला आता बसवत नव्हतं. त्यानंतर धाकटीने पेटीवर चादर टाकली. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "या धंद्यात पैसा नाही हो." लोकांना ते पटायचं. चाल बांधायची ती कोणाच्या गळ्यासाठी, हा प्रश्न तिने कोणाला सांगितला नाही. ती एका शाळेत भांडारपाल म्हणून लागली आणि सात वर्षं खडू, फळे पुसायची फडकी आणि कुलपं मोजत राहिली.

आता मूळ प्रकरण. अर्जदार डोळे तपासायला गेली होती. डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं होतं. समोर नुसते रंग हलत होते, माणूस कोण आणि भिंत कोणती ते कळत नव्हतं. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला आणि थोरली गाऊ लागली, 'दिवा नको लावू अजून.' हे गाणं कधी बाहेर आलंच नव्हतं. अर्जदार आवाजाच्या दिशेने उठली. मुखडा संपला की गाणं संपणार, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण ते संपलं नाही. त्याच आवाजात, त्याच बारीक श्वासासकट, पुढचा अंतरा सुरू झाला : 'सुईत दोरा ओवण्यापुरता, उजेड थोडा आहे.' सात वर्षांपूर्वी गेलेली बाई पुढचं कडवं गात होती. अंगावर काटा आला असे लिहिणे अर्जात बसत नसेल, तर अर्जदार बाकाची कड धरून खाली बसली, एवढीच नोंद घ्यावी.

फोन तिथल्या परिचारिकेचा होता. "गोड आहे ना?" ती म्हणाली. "स्टँडसमोरचा कार्डवाला भरून देतो. या बाईंची नवीन नवीन येत असतात." अर्जदार तशाच धुरकट डोळ्यांनी स्टँडवर गेली. कार्डवाला म्हणजे फोन दुरुस्त करता करता गाणी भरून देणारा मनुष्य. त्याने थोरलीच्या नावाची अख्खी यादी काढून दाखवली. जुनी गाणी सगळी होती आणि त्यांच्याखाली अर्जदाराने कधीच न ऐकलेली अकरा होती. "अहो, त्या बाई वारल्या," अर्जदार म्हणाली. कार्डवाल्याने मान वर न करता सांगितलं, "असं कसं? परवाच नवीन आलंय."

अर्जदार सरळ कंपनीकडे गेली. कंपनीतल्या लोकांनी तिला पहिल्यांदाच खुर्ची दिली. त्यांनी तक्रार लिहून आणली आणि तिने सही केली. छापा पडला. कार्डवाला सापडला आणि त्याच्या सांगण्यावरून गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातली शिलाई कामगार बाईही सापडली. थोरलीच्या नावाने गाणारी तीच. पुढे चौकशीत असंही निघालं की, दोघी बहिणींच्या स्टुडिओत राहून गेलेल्या सरावाच्या जुन्या टेपा कंपनीनेच गोदाम रिकामं करताना रद्दीबरोबर वजनावर विकल्या होत्या. कार्डवाल्याने त्या घेतल्या आणि या बाईला ऐकायला दिल्या. कंपनीच्या वकिलांच्या मते हा मुद्दा प्रकरणाशी संबंधित नाही.

आवाज ओळखण्यासाठी अर्जदारास आपल्या दालनात बोलावले, त्या दिवशी आपण स्वतः खिडकीजवळ उभे होतात. मुद्देमालाच्या पोत्यांमुळे दार पुरतं उघडत नव्हतं. कारकून एकेक तुकडा वाजवत होते आणि अर्जदार सांगत होती : ताई, ताई, ही दुसरी, ताई. आपण विचारलंत, "इतकं सारखं असून कसं ओळखता?" तेव्हा तिला उत्तर जमलं नाही, ते आता देते. थोरलीचा श्वास अडल्यामुळे यायचा, म्हणून कधी लवकर यायचा, कधी उशिरा. दुसरीचा दरवेळी वेळेवर येतो. त्या बाईची छाती धडधाकट आहे. तिने तो श्वास शिकून घेतला आहे, चालीचाच भाग समजून.

मग सरावाची टेप लागली. पेटी थांबल्याचा आवाज, खुर्चीची करकर आणि थोरलीचं बोलणं : "पुढचं तू दे गं. मी थांबते." त्यानंतर नुसती खरखर. कारकुनांचं लक्ष कागदाकडे होतं, यंत्र कोणी बंद केलं नाही. ते आपोआप पुढे गेलं आणि दुसरीच्या आवाजातला अंतरा सुरू झाला. जणू खोलीत कोणी विचारलं आणि कोणी उत्तर दिलं. त्यात धाकटी कुठेच नव्हती. आपण पुढे होऊन यंत्र बंद केलंत आणि पाण्याचा ग्लास सरकवलात, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे.

बाहेर जिन्याजवळच्या बाकावर ती बाई बसलेली होती. बाहीला निळ्या दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले, पायांत कारखान्यातल्या रबरी चपला. अर्जदाराला वाटलं होतं, समोर आली की दोन मुस्काटात द्याव्यात. ती बाई उठून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "अंतऱ्याचा शेवट मला जमला नाही, बाई. खाली पडतो. तुम्ही कसा केला असता?" शिपाई मधे आला. "साक्षीदाराशी बोलायचं नाही." त्यानंतर लगेच दोघींनी एकमेकींशी कोणताही संपर्क ठेवू नये, असा लेखी आदेश निघाला.

तिचा जबाब कंपनीच्या वकिलांनी अर्जदारास वाचून दाखवला, तो ऐकून तिला राग येईल या समजुतीने. त्यांना अर्जदाराकडून बहिणीच्या स्मृतीची विटंबना झाली, असं लिहून हवं होतं. जबाबात त्या बाईने म्हटलं आहे की, पैसे कार्डवाल्याने घेतले, तिला अधूनमधून फोनचं रिचार्ज मिळायचं. मग गायलीस कशाला, या प्रश्नावर तिचं उत्तर एवढंच आहे : "त्या गेल्या आणि गाणी संपली. मला अजून हवी होती." वकिलांनी ही ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "बघा, कबूल करते." अर्जदाराने विटंबनेच्या कागदावर सही केलेली नाही. करणारही नाही. त्या बाईने थोरलीचं नाव लावलं, ही चूक आहे. त्या अकरा गाण्यांवर तिचं स्वतःचं नाव असायला हवं होतं आणि तशी नोंद प्रकरणात व्हावी, अशी अर्जदाराची वेगळी विनंती आहे.

त्या दिवसापासून घरी अर्जदाराचा पिच्छा सुटत नाही. नळ बंद केला, पंखा थांबला, शेजारची मिक्सरची घरघर संपली की त्या शांततेत थोरली म्हणते, "मी थांबते." इतकी वर्षं अर्जदार समजत होती की, ती गायचं थांबली. आता वाटतं, ती नुसती वाट बघत होती. आणि त्या मागोमाग त्या बाईचा अंतरा येतो आणि शेवटाला खाली पडतो. दरवेळी पडतो. जेवताना, शाळेत खडूंचे खोके लावताना, रस्ता ओलांडताना. एकदा अर्जदार भर वर्दळीत तो शेवट ऐकत उभी राहिली आणि तिने ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी वैतागून तिने पेटीवरची चादर काढली. भाता एका बाजूने फाटला होता, तो चिकटपट्टीने सांधला. 'ओवण्यापुरता' या शब्दावर सूर खाली न आणता तिथेच धरायचा, श्वास घ्यायचा आणि मगच उतरायचं. इतकं साधं होतं. पण ते गाऊन ऐकल्याशिवाय खरं की खोटं ते कळत नाही आणि अर्जदाराच्या गळ्याविषयी वर लिहिलेलेच आहे.

म्हणून अर्जदाराने मागील अर्जासोबत त्या शेवटाची स्वरलिपी जोडून ती आरोपीस पोचवण्याची विनंती केली होती. त्यावर आपल्या कार्यालयाने कळवले की, साक्षीदाराने आरोपीस मजकूर पाठवता येत नाही. तो मजकूर नसून सूर आहेत असे खिडकीवर तोंडी सांगितल्यावर, ते सांकेतिक संदेश आहेत किंवा कसे याविषयी जाणकाराचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. जाणकार म्हणून अर्जदारच चालेल का, असे विचारता, अर्जदार हितसंबंधी असल्याने चालणार नाही, असे उत्तर मिळाले. अर्जदाराच्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी दाखला देण्याची तयारी दाखवली आहे, परंतु त्यांना सुरांतलं काही कळत नाही. तरी हा मार्ग अर्जदार सोडून देत आहे.

येत्या सोमवारी त्या बाईकडून हमीपत्र घेतले जाणार आहे, असे वकिलांकडून कळले. यापुढे ती गाणार नाही, कोणाला गाऊन देणार नाही, कोणत्याही यंत्रासमोर आवाज काढणार नाही, असे लिहून दिल्यास कंपनी प्रकरण मागे घेईल. तिला दोन मुली आहेत आणि कारखान्याने तिला कामावर परत घेण्यासाठी हाच कागद मागितला आहे. ती सही करील. कोणीही करील.

तरी सोमवारपूर्वी अर्जदारास पेटीसह तिला भेटू द्यावे. आपल्या कार्यालयात, शिपायासमोर, आपण म्हणाल तेवढाच वेळ. एका खोलीत बसवणे नियमात बसत नसल्यास अर्जदार दालनात बसेल आणि ती बाई जिन्याजवळच्या बाकावर. पोती थोडी सरकवून दार उघडं ठेवलं की काम होईल. प्रकरणाबद्दल एक अक्षर बोलणे होणार नाही. अर्जदार पेटीवर शेवट वाजवील, ती एकदा गाईल, अर्जदार ऐकेल. त्याचे ध्वनिमुद्रण करू नये. कंपनीचे प्रतिनिधी हजर राहू इच्छित असल्यास अर्जदाराची हरकत नाही, फक्त त्यांनी मधे बोलू नये.

अर्जदार स्वतः तक्रार करणारी असून असा अर्ज कसा करते, असे आपणास वाटेल. तिलाही वाटते. ती बाई ताई नाही, हे अर्जदाराइतके कोणालाच ठाऊक नाही. तिने तसे आपल्यासमोर लिहून दिले आहे. परंतु सोमवारी सही झाली की, हा आवाज दुसऱ्यांदा जाईल. पहिल्या वेळी अर्जदार दवाखान्यात उशाशी बसून होती आणि अर्ज कोणाकडे करायचा ते तिला माहीत नव्हते.

या वेळी आपले कार्यालय आहे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
धाकटी बहीण, अर्जदार
दिनांक : ९ ऑक्टोबर