हॉलचं कारण खोटं होतं, मावशी

प्रिय फिलूमावशी,

तू गेलीस त्याला महिना झाला; परवा त्या मिस्सेला, तुझ्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, पाचूबंदरला आले होते. मिस्सा झाल्यावर तुझ्या घरी ओट्यावर टेकले. तुझ्या रोझीने चहा आणून दिला आणि सहज बोलावं तशी म्हणाली, "आई नेहमी म्हनायची, टीचर लय चांगली. माझा सूर गेला म्हनून नाटक बंद करावं लागलं, पन माझी लाज राखाया तिनं हॉलचं कारन सांगितलं."

मी कप खाली ठेवला.

मावशी, तू असं समजून गेलीस? दोन वर्षं हे मनात धरून होतीस? आणि मला चांगली म्हणत होतीस!

म्हणून लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. तशी तू कधी कुठे वाचायचीस? नाटकातले तुझे संवाद मीच वाचून दाखवायचे आणि तू बोंबील साफ करता करता पाठ करायचीस. गिऱ्हाईक मधेच भाव विचारायचं, तू नाटकातल्याच आवाजात उत्तर द्यायचीस!

मी तुला बाजारात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझ्या लेखी मी कोण होते? चंदनसारला राहणारी, शाळेत गाणं शिकवणारी, मासे नीट न ओळखणारी एक बाई. तू मान खाली घालून देवळातलं, म्हणजे तुमच्या चर्चमधलं, काहीतरी गुणगुणत होतीस. मी विचारलं, "तुम्ही आमच्या नाटकात गाल का?" तू कोयता खाली ठेवलास. "आधी ते तुम्ही-तुम्ही बंद कर. मी काय पोलीस हाय?"

'मीठखाडी' मी लिहिलं होतं, चालीही माझ्याच. मिठागरावरच्या एका घराची गोष्ट, आणि त्या घरातली म्हातारी आई तू. सगळे आपण हौशी. कोणी बँकेतलं, कोणी रिक्षा चालवणारं, दोघी माझ्याच शाळेतल्या. दिवाळीनंतर सुरू करून दहा प्रयोग करायचे ठरले, तेही ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आत, कारण तू बजावलंस, "उपवासकाळात मी तोंडाला रंग लावनार नाय."

पाच प्रयोग कसे झाले, आठवतं ना? दुसऱ्या अंकातलं तुझं गाणं सुरू झालं की खुर्च्यांचा आवाजसुद्धा यायचा नाही. जूचंद्र गावच्या एक बाई आत येऊन तुझे हात धरून रडल्या होत्या. तू त्यांनाच समजावत होतीस, "अगो, खोटं हाय ते, नाटक हाय!"

आता ते सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही.

पाचव्या प्रयोगाला मुंबईचा एक निर्माता येऊन बसला होता. गुरुवारी त्याचा फोन आला. म्हणाला, "नाटक मी घेतो. पण हे हौशी प्रयोग बंद करा, नाटक शिळं व्हायला नको. आणि त्या आईच्या भूमिकेला शिकलेली गायिका लागेल."

मी हो म्हटलं. विचार करून सांगते, असंही म्हटलं नाही. तुझं नावसुद्धा काढलं नाही.

शनिवारी आपला सहावा प्रयोग होता. तुला ताप होता, दिवसभर बर्फात हात घालून बसली होतीस, आणि वरच्या सुराला तुझा आवाज फाटला. तू थांबलीस. नुसती पेटी वाजत राहिली. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग तू खालच्या पट्टीत गाणं उचललंस आणि पुरं केलंस. मागून टाळ्या आल्या, पण तुला ते हसणंच ऐकू आलं असणार.

बघ ना मावशी, तुझा आवाज फाटायच्या दोन दिवस आधीच मी नाटक विकायला तयार झाले होते.

मंगळवारी सगळ्यांना जमवून सांगितलं, "पुढच्या तारखांना हॉल मिळत नाही. थांबावं लागेल." बाकीचे चिडले, कुरकुरले. तू तेवढी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालीस, "माझ्यामुळं तर नाय ना, टीचर?"

"छे गं! हॉलचं कारण आहे."

किती सोपं होतं तेव्हा खरं सांगणं! तू शिव्या घातल्या असत्यास, आठवडाभर मासे दिले नसतेस, आणि विषय संपला असता.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. जूचंद्रच्या बायकांनी येण्यासाठी बस ठरवली होती, त्या फोनवर माझ्याशी भांडल्या. उमेळ्याचे एक वाडीवाले आजोबा, निरोप न पोचल्यामुळे, कोट घालून बायकोला घेऊन हॉलच्या दारात उभे राहिले. तिथून फोन केला, "बाई, इथे तर कुलूप आहे. त्या गाणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "त्यांची तब्येत जरा..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. पुढचं त्यांनीच समजून घेतलं.

मग आपल्या प्रेक्षकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मासे विकणाऱ्यांना गायला बसवलं की दुसरं काय होणार?" खाली दहा-बारा जण हसले. मी काय केलं माहीत आहे? हात जोडल्याची खूण टाकली. कोणाला नमस्कार करत होते मी? रोझी म्हणाली, ते तुला तुझ्या सुनेने दाखवलं होतं. माझे जोडलेले हातही तू पाहिलेस.

बाजारात तुला विचारायचे, "काय गो, काडलं काय नाटकातून?" आणि तू हसायचीस म्हणे. रोझी सांगते, त्याच दिवसांत टोपली घेऊन हॉलवरून जाताना तू पाहिलंस की आपल्या तारखेला आत कोणीच नाही. हॉलचं कारण खोटं आहे, हे तुला तेव्हाच कळलं. मग भांडायला का नाही आलीस गं? माझ्या खोटेपणाचा इतका चांगला अर्थ लावायला तुला कोणी सांगितलं होतं? त्यानंतर माझ्या पिशवीत नेहमी एक पापलेट जास्त यायचं. मला वाटायचं, माया आहे. तू उपकार फेडत होतीस.

त्या निर्मात्याने तीनदा भेटायला बोलावलं, मग फोन उचलणं बंद केलं. ते नाटक कुठेच झालं नाही.

आणि रोझीने शेवटी जे सांगितलं, ते मला झोपू देत नाही. तू देवळातही पुन्हा गायली नाहीस. क्वायरमध्ये तिशीपासूनची तुझी जागा, ती सोडून मागच्या बाकावर बसायला लागलीस. फादर विचारायला घरी आले तर म्हणालीस, "गला बसलाय." मी दर आठवड्याला तुझ्यासमोर उभी असायचे, मावशी. तू मासे साफ करताना गुणगुणत नाहीस, हे मला, गाणं शिकवणाऱ्या बाईला, ऐकू आलं नाही?

परवा रोझीला खरं न सांगताच मी निघाले. घरी आले आणि काल सकाळी त्याच ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. निर्माता, गुरुवारचा फोन, सगळं. मग एकेक जण तुटून पडला. "आम्हाला मूर्ख बनवलंत." "त्या बाईंचं नाव दोन वर्षं खराब होऊ दिलंत?" तो मासे विकणाऱ्यांवर बोलणारा गुपचूप ग्रुप सोडून गेला. उमेळ्याच्या आजोबांनी एवढंच लिहिलं, "त्यांच्या घरच्यांना सांगितलंत का?"

काल संध्याकाळी पुन्हा पाचूबंदरला गेले. रोझी जाळं आवरत होती. ऐकताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. संपल्यावर म्हणाली, "माझ्या घरात येऊन रडून काय उपेग? आईला बाजारात बोलायचे. तितं येऊन सांग, सगल्या बायांसमोर."

मी म्हटलं, "येते."

"चहा नाय देनार आज," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

तर मावशी, रविवारी सकाळी बाजारात येते. पाऊल ठेवायला जागा नसते, अगदी त्या वेळेला. तुझ्या जागेवर आता रोझी बसते, तिच्या शेजारी उभी राहून शाळेत बोलते तशा खड्या आवाजात सांगेन, की फिलूचा सूर गेला नव्हता, नाटक मी बंद केलं, स्वतःच्या हावेपोटी. त्या ओरडतील, तोंडावर बोलतील. मधेच निघून येणार नाही. शेवटच्या बाईचं बोलणं संपेपर्यंत उभी राहीन.

तुझी गुन्हेगार,
वैशाली टीचर