मुद्दाम केलं, म्हणालात

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

आज आठवीला ‘ऑन पर्पज’ शिकवायचं होतं. हो, मीही इंग्रजीच शिकवते, इन्सुलीजवळच्या एका शाळेत. खडू उचलला आणि तुमचा सावंतवाडीचा वर्ग समोर उभा राहिला. काजूचे दिवस. आईबरोबर ओले काजूगर सोलून मी शाळेत आलेय. चिकाने बोटांची सालं निघालीत, पेन धरवत नाही. आईने खोबरेल चोळून बजावलंय, "सरांका सांग गो, चीक लागलो म्हणान." मी सांगते. तुम्ही ऐकता कुठे! स्कॉलरशिपच्या सराव पेपराचा माझा कोरा कागद वर्गाला दाखवता आणि फळ्यावर लिहिता, ‘शी डिड इट ऑन पर्पज.’ वर म्हणता, "अर्थ? परीक्षा टाळायला हिने मुद्दाम बोटं सोलून घेतली." वर्गाकडून ते वाक्य घोकून घेतलंत. माझ्याकडूनसुद्धा! परीक्षेला माझ्या जागी दुसरीला पाठवलंत, आणि मुली मला दहावीपर्यंत ‘ऑन पर्पज’ अशीच हाक मारत राहिल्या.

आणि ते काजूगर घ्यायचं कोण, सर? तुम्हीच. बाजारात आईच्या टोपलीपुढे वाकून, "ताजे आहेत ना?" विचारत. तिच्या काळ्या पडलेल्या, सोललेल्या बोटांतूनच पुडी घेत होतात. त्याच काजूंची उसळ चापताना चीक ठाऊक नव्हता होय? एवढा साळसूदपणा बरा नव्हे.

आज मी अर्थ सांगितला, ‘मुद्दाम, जाणूनबुजून.’ एका मुलीने विचारलं, "बाई, दुसऱ्यान मुद्दाम केल्यान, ता आपणाक कसा कळता?" "पुढचं वाक्य घ्या," म्हटलं.

हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकू? तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, तेव्हा एकच गोष्ट विचारायला मी तुमच्या घरी आले होते. चीक भाजतो हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? फाटकाची कडी काढली, परत लावली, आणि बसस्टँड गाठला. खरं सांगू? "नव्हतं माहीत," असं तुम्ही म्हणाला असतात, तर मला तुम्हाला माफ करावं लागलं असतं. ते मला नको होतं.