अप्पांच्या वाडीत खरड छाटणी

नाशिक, ७ मे १९९९
उद्या सासुरवाडीला, केळव्याला. सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, वाडी समुद्राला लागूनच. मागच्या वर्षी माझ्या साडूने, महेशने, तिथला पंप दुरुस्त केला. तेव्हापासून अप्पांच्या तोंडी महेशच महेश. मनमाडला रेल्वेत फिटर आहे, त्यात काय एवढं! मीही ओझरला विमानांच्या कारखान्यात आहे. (स्टोअर्समध्ये. पण विमानांच्याच.) यंदा अप्पांच्या तोंडून माझ्या हाताचं कौतुक ऐकायचंच. छाटणीची कात्री घेतली. नवी, लाल मुठीची. प्रतिभा म्हणाली, सुट्टीला चाललोय, नुसतं बसा. बायकोला नवऱ्याची किंमत नसते.

केळवे, ९ मे, सकाळी ७
काय ऊन! समुद्र लखलखतोय. अप्पा म्हणाले, जावयाने काम करायचं नसतं, शहाळं प्या. प्यालो. दुसरंही प्यालो. मग कामाला लागलो.

सकाळी ९.३०
पडवीतला झोपाळा रंगवला. हिरवा ऑइल पेंट, डबा माळ्यावर सापडला. रात्री जेवण झालं की अप्पा यावर बसतात आणि सासूबाई त्यांना विडा देतात. लग्न झाल्यापासूनचा नेम म्हणे. आज बघतीलच.

दुपारी १२
सगळे देवळात गेलेत. मागच्या बाजूला एक वेल भलतीच माजलेली दिसली, पार छपरापर्यंत. नाशिकच्या माणसाला वेलींचं शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात द्राक्षाची खरड छाटणी करतात. वेल पार बोडकी करायची, मग बघा कशी जोमाने फुटते. स्वतः कधी केलेली नाही, पण बसच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघतोय. वरपासून खालपर्यंत साफ केली. पाला शेजारच्या शेळ्यांना घातला. त्यांनी आवडीने खाल्ला.

दुपारी १.१५
ती पानवेल होती. सासूबाईंची. विड्याची.
प्रतिभा म्हणाली, तुम्हाला विड्याचं पान ओळखता येत नाही? मी म्हणालो, टपरीवर ते चुना लावून मिळतं. सासूबाई बुंध्यापाशी नुसत्या बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं. महिन्याभरात फुटेल असं ठामपणे सांगितलं. द्राक्षाचं तसंच असतं.

रात्री ८.३०
समुद्राच्या दमट हवेत ऑइल पेंट लवकर वाळत नाही, हे डब्यावर छापायला काय होतं? अप्पा झोपाळ्यावर बसून उठले. आता पडवीत उभेच आहेत. सासूबाईंनी त्यांना बडीशेप दिली. मी म्हणालो, रंग छान बसलाय. अप्पा म्हणाले, हो, धोतरावर.

नाशिक, २० जुलै
वेल फुटली नाही, असं प्रतिभाला फोनवर कळलं. तिकडे पाऊस कमी असणार. प्रतिभा म्हणते, तिकडे वाडीत गुडघाभर पाणी आहे.

१४ ऑक्टोबर
दिवाळीला केळव्याला जाऊन दरवाजे घासून सारखे करायचा बेत होता. अप्पांना तसं कळवलं. लगेच उत्तर आलं, यंदा आम्हीच नाशिकला येतो. या वयात घाट चढून! जावयावर जीव आहे.

१२ नोव्हेंबर
अप्पा आणि सासूबाई आज परत गेले. सासूबाईंसाठी अंगणात मुद्दाम पानवेल लावली होती. भरपाई म्हणून. त्यांनी पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, हा मनी प्लांट आहे. नर्सरीवाल्याने फसवलं.
पण निघताना सासूबाईंनी माझी लाल मुठीची कात्री मागून घेतली. एवढी घरात बाकी माणसं, मागितली माझ्याकडे! शेवटी हाताची कदर झाली. ऊर भरून आला.

१९ नोव्हेंबर
मनमाडहून महेशचा फोन. कात्री झकास आहे म्हणाला. अप्पांनी त्याला दिवाळीची भेट म्हणून पाठवली. वर बजावलंय म्हणे, नाशिकला जाशील तेव्हा बरोबर नेऊ नकोस.