आजीवन वॉरंटी आणि उरलेले चाळीस दिवस

लिहून ठेवणार : मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा झाडे पाडण्याचा, राहणार याच घरी, मागच्या खोलीत, खिडकीजवळ. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर गेल्या महिन्याचे आहे हेही सांगितले. तेव्हा शुद्धीबद्दल पुढे कोणी वाद काढू नये. दडपण माझ्यावर एकाच गोष्टीचे आहे, ते कलम तीनमध्ये येईल.

कलम १. दोन खोल्या, पुढचे अंगण आणि मागची शेड माझ्या मुलीला. ती गेली अठरा वर्षे माझाच धंदा करते आणि माझ्याहून बरा करते. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेले नाही, म्हणून येथे लिहिले. शेडच्या दाराची कडी उचलून मग ओढायची, हे तिला माहीत आहे.

कलम २. कुऱ्हाड, लोखंडी पाचरी, दोर आणि हेल्मेटही तिलाच. डुगडुगणारी खुर्ची मात्र सुताराला परत द्यावी. 'काका, नातवंडं बसतील हिच्यावर,' असे तो म्हणाला होता. दुसऱ्याच आठवड्यात मी बसलो आणि खाली आलो.

कलम ३. चेनसॉ. हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी पाणी मागवून घ्यावे.

बावीस वर्षांपूर्वी मी ही मशीन नवी कोरी घेतली. माझा धाकटा भाऊ समोरच्या गल्लीत यंत्रे दुरुस्त करतो. त्याने मला एक जुनी मशीन खोलून, साफ करून तयार ठेवली होती. मी विचारले, हिला वॉरंटी काय? तो म्हणाला, "दादा, मी आहे ना." मी म्हणालो, "तू काय छापील आहेस का?" आणि दुकानात गेलो. दुकानदार तोंडाने साखर पेरणारा माणूस. त्याने चौसष्ट पानांची पुस्तिका दिली आणि पहिल्या पानावर बोट ठेवले : आजीवन वॉरंटी. पुढची त्रेसष्ट पाने मी घरी येऊन वाचली, हीच चूक. म्हशीचे शिंग पाहून सौदा केला आणि दूध नंतर काढायला बसलो.

धाकट्याने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले. मीही टाकले. तेव्हापासून आमचा संवाद लेकी बोले सुने लागे या चालीवर चालला, आणि मध्ये उभी राहून ऐकायला माझी मुलगी.

वॉरंटीसाठी मी आजवर चार अर्ज केले. पहिला चेन झिजल्याचा. कंपनीच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, "काका, लाकडाशी संपर्क आल्याने होणारी झीज वॉरंटीत बसत नाही." मी विचारले, मग मशीन चालवू कशावर, भोपळ्यावर? त्या म्हणाल्या, "तसं पुस्तिकेत दिलेलं नाही."

दुसरा अर्ज स्टार्टरची दोरी तुटल्याचा. उत्तर आले की आजीवन म्हणजे मशीनच्या आयुष्यभर. मशीन बंद पडली याचा अर्थ तिचे आयुष्य संपले, सबब वॉरंटीही संपली. हे पत्र मी तीनदा वाचले आणि तिसऱ्यांदा मलाच ते पटू लागले, तेव्हा घाबरून पेटीत ठेवले. दोरी मुलीने कुठूनशी बसवून आणली. कुठून ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

मग मी कंपनीशी चौदा महिने पत्रांनी भांडलो. अखेर त्यांनी लेखी मान्य केले की आयुष्य मशीनचे नव्हे, खरेदीदाराचे धरले जाईल. अटी दोन. झाकणावरचे कागदी सील फुटता कामा नये, आणि मी दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा. एका वर्षी दाखला दोन दिवस उशिरा पोचला, तर मुलीच्या नावे शोकपत्र आले. खाली विचारले होते, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?

तिसरा अर्ज मुठीचा, तोही फेटाळला. यंदा चेनला तेल देणाऱ्या पंपातले चाक गेले. ते प्लास्टिकचे, करंगळीच्या नखाएवढे. तेल नसेल तर चेन तापते, ती ज्या पट्टीवर फिरते तो बार जळतो आणि मुलीचा हात धोक्यात येतो. मशीन महिनाभर पडून आहे आणि तिची कामे दुसरे नेत आहेत. चौथा अर्ज मंजूर झाला! चाक येणार साठ कामकाजाच्या दिवसांत. त्याच दिवशी डॉक्टरांनी मला चाळीस दिवस सांगितले, आणि त्यात रविवारही धरले.

तेव्हा माझ्यावर दडपण आहे ते हे. मी आधी गेलो तर चाक येणार नाही.

मी मुलीला म्हणालो, साठ दिवस मी रेटतो. ती भांडी घासत होती. हात तसेच ओले ठेवून म्हणाली, "बाबा, वॉरंटीसाठी जगू नका हो. उगीचच जगा." मला रडू आले. ते मी पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानाआड लपवले.

कलम ४. मी आधी गेलोच, तर साठाव्या दिवसापर्यंत मला खिडकीत बसवून ठेवावे आणि कोणी मोठ्याने रडू नये. कंपनीचा माणूस पाहणीला येतो. (वकीलबाईंनी हे कलम खोडायला लावले. वाचता येईल इतपतच खोडले आहे.)

कलम ५. पुस्तिका दुकानदाराला. त्याने ती गिऱ्हाइकांसमोर एकदा मोठ्याने वाचावी, सर्व चौसष्ट पाने.

कलम ६. धार लावायची सहाण धाकट्या भावाला. कारण विचारू नये.

येथवर सकाळी लिहिले. पुढचे दुपारचे.

कलम ७. वकीलबाईंना दोन साक्षीदार हवे होते. मुलीने मला न विचारता धाकट्याला बोलावले. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे बाई म्हणाल्या. धाकटा मुलीकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, सहाण राहू दे. मी सही करतो." मग टेबलावरची मशीन बघून त्याने खिशातून एक पितळेचे चाक काढले. करंगळीच्या नखाएवढे.

"या मशीनचं हेच जातं," तो म्हणाला, आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला. "तू घेतलीस त्याच वर्षी बनवून ठेवलं होतं, दादा."

सील मी स्वतः फोडले. नखाने. बावीस वर्षे जपलेले, चटकन निघाले. धाकट्याने चाक बसवले, मुलीने अंगणात दोरी ओढली आणि दुसऱ्या झटक्यात मशीन सुरू झाली. वॉरंटी रद्द झाली, सबब वारसांना देण्यास ती उरलेली नाही. कलम ६ही रद्द. धाकट्याची माफी मागायची होती. माफी मालमत्तेत मोडत नाही असे बाई म्हणाल्या, म्हणून ती आजच मागितली.

आता साठाव्या दिवसापर्यंत थांबण्याचे मला काही कारण नाही. तरी थांबून पाहतो. धाकटा उद्या चेनला धार लावायला येतो म्हणाला आहे.

स्थळ : मागची खोली.
दिनांक : कंपनीच्या हिशेबाने एकोणिसावा दिवस, डॉक्टरांच्या हिशेबाने पंचविसावा.
लिहून ठेवणाराची सही : केली आहे. हात थोडा हलला, तो मशीन चालू होती म्हणून.

साक्षीदार दुसरी (आधी सही केली, घाई होती) : शेजारची शिंपीण.

साक्षीदार पहिला : धाकटा भाऊ, धंदा यंत्रदुरुस्ती. सहीखाली त्याने आपल्या हाताने लिहिले आहे : मी आहे ना.